रविवार-बुधवारचं औषध

रविवारी सकाळी मोहरी तडतडली की मला अजून दचकायला होतं. मोहरीत वाईट काही नाही. मिल्ट्रीत माझा जन्म लंगरावर गेला, शंभर-शंभर जवानांच्या डाळीला मी फोडणी दिली आहे. पण ह्या घरात रविवारी आणि बुधवारी कढईत तेल पडत नव्हतं. आता पडतं. सून वैशाली पलूसला शिलाईच्या कारखान्यात जाते. रविवारी तिला सुट्टी, म्हणून त्या दिवशी ती निवांत पोहे करते. पोरगा ट्रकवर, घरात आम्ही दोघंच. मी पोहे खातो. चांगले होतात. खातो, हात धुतो आणि परड्यात जाऊन बसतो.

परड्यात सगळं होतं तसंच आहे. कुंपणाला निर्गुडी, लिंबावर चढलेली गुळवेल, फुटक्या घागरीत कोरफड, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला अडुळसा आणि पानओवा. घरची गेली त्याला आता वरीस होईल. तिच्या माघारी कुणी काही लावलं नाही आणि कुणी काही उपटलं नाही. निर्गुडीचं एक पान चुरगाळायचं आणि नाकाला लावायचं. कडू, ओला, थोडा कापरासारखा वास. तेवढ्यावर मी त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालात जाऊन पडतो. पडलो की लवकर निघता येत नाही.

आमच्या घरात काविळीचं औषध होतं. होतं म्हणजे बाटली नव्हे. एक झाडपाला होता आणि तो देणारी एक बाई होती. एका वेळी एकच. वार ठरलेले, रविवार आणि बुधवार. देणारीनं त्या दिवशी उठल्यापासून कुणाशी बोलायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. परड्याच्या पार कडेला जाऊन पाला खुडायचा, पाट्यावर वाटायचा, ताकात कालवून द्यायचा. दारात बसलेलं शेवटचं माणूस उठलं की मग तोंड उघडायचं. आजाऱ्याला तेल, तिखट, मीठ बंद, म्हणून त्या दिवशी आमच्या घरालाही बंद. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही. औषध घेतलेल्या माणसानं जाताना ‘येतो’ म्हणायचं नाही, गपगुमान निघायचं. ‘येतो’ म्हटलं की दुखणं परत येतं म्हणे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे वाराच्या आदल्या रात्री देणारीनं दुसऱ्याच्या घरात झोपायचं नाही. दारातलं माणूस रिकामं गेलं तर औषधाचा गुण जातो.

गुण यायचा का? बऱ्याच जणांना यायचा. काहींना यायचा नाही. ज्यांना आला नाही ते काही सांगायला आले नाहीत.

मी लहान होतो तेव्हा औषध आईकडं होतं. वार आला की घर मुकं व्हायचं. पाट्यावर वरवंटा फिरल्याची घरघर, ताक घुसळल्याचा आवाज, बास. आई खुणेनं बोलायची. आमच्या हातनं काही सांडलं तर नुसते डोळे वटारायची, आणि ते डोळे शिव्यांपेक्षा वाईट. सोप्याच्या भिंतीला टेकून पिवळी माणसं बसलेली. त्यांच्या अंगाला ओल्या गोणपाटासारखा वास यायचा, त्यात ताकाचा आंबट, पाल्याचा हिरवा, शेणानं सारवलेल्या भुईचा गार. हे सगळं मिळून जे व्हायचं त्याला आम्ही रविवारचा वास म्हणायचो. तो वास आता कुठं मिळत नाही. मी शोधलाय.

दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. बायको जतकडची, कोरड्या कानडी मुलखातली. माहेरचं नाव बायक्का, आईनं इथं शांता ठेवलं. तिकडचं माणूस आमच्या भागात आलं की आधी पाण्याकडं बघतं. उसात सोडलेलं पाटाचं पाणी बघून ती बांधावर उभीच राहिली.

“एवढं पानी नुसतं सोडून देतासा?”

“उसाला पायजे की.”

“आन मानसांस्नी?”

ठेच लागली की ती ‘यव्वा!’ म्हणायची. आई घरातनं म्हणायची, “हितं मराठीत वरड गं.”

झाडपाल्याची समज तिला आमच्या आईनं दिली नाही. ती घेऊनच आली होती. तिकडच्या माळावर तरवड, बाभळ आणि घायपात, दुसरं काय असतं? पण तेवढ्यावर ती सगळं भागवायची. विळा लागला की एकदांडीचा पाला तळहातावर चोळून रस पिळायचा. असा झोंबायचा की लागलेलं विसरायला व्हायचं. पाय मुरगळला की तरवडाचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा. शेजारच्या बाळंतिणीच्या न्हाणीत निर्गुडी उकळायची, ती वाफ सगळ्या आळीला लागायची. पोरं खोकायला लागली की अडुळशाचा काढा. कडू जहर. पोरं तिला बघून पळायची.

मी सुट्टीवर आलो की ती आधी माझे हात उलटेपालटे करून बघायची. लंगरावर भाजल्याचे डाग असायचे. कोरफड उभी चिरायची आणि तो गार, गिळगिळीत गर चोळत बसायची.

“तुमी जवान का आचारी?”

“दोन्ही.”

“मग बंदूक कवा चालीवता?”

“भाकरी संपल्या की.”

असं हसायची की कोरफड खाली पडायची.

मग मला क्वार्टर मिळालं. लांब, झाशीला. दोन खोल्या आणि घरात नळ. नळाचं सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना. मी सुट्टी टाकून तिला न्यायला आलो. तिनं पत्र्याची ट्रंक भरली. लुगडी वर, आणि खाली तरवडाची वाळलेली फुलं, ओवा, सुंठ, वेखंड, हळकुंडं. “तिकडं काय मिळंल का न्हाई कुणास ठावं.” ट्रंक उघडली की खोलीभर वास. काही काम नसताना ती ट्रंक उघडायची, बघायची आणि परत झाकायची. त्या दिवसांत ती जशी चालत होती तशी पुढं कधी चालली नाही. पायात काही नसल्यासारखी.

निघायच्या आधी ग्रहण लागलं. आई तिला म्हणाली, “चल गं, नदीला जाऊन यू.” ग्रहणात बायका नदीला जातात, त्यात मी काय बोलणार? मीही मागनं गेलो. ऊन मळकं झालं होतं. भरदिवसा चिमण्या गप. नदीला शेवाळाचा आणि भिजल्या दगडांचा वास. मी वर घाटावर उभा, त्या दोघी कमरेएवढ्या पाण्यात. आईनं तिच्या डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आपलं तोंड तिच्या कानाला लावलं. एवढंच. शेजारी उभ्या बाईला वाटावं, सासू सुनेला काही गुज सांगते आहे.

आई वर आली. लुगड्याचा ओचा पिळत म्हणाली, “झालं माझं. आता हिचं.”

काय झालं ते मला तेव्हा उमगलं. औषध असंच देतात, ग्रहणात, पाण्यात उभं राहून, कानात सांगून. म्हटलं, “आई, परवा आमी निगालोय.”

“मग जा की. तुला कोण अडीवलंय?”

बायको पाण्यातच उभी होती. वर येईना. मी हाक मारली तर बघेना. आता ती औषधाची झाली होती, आणि ते औषध ह्या दाराचं होतं.

आईनं हे मुद्दाम केलं का? मी कधी विचारलं नाही. वरवंटा धरताना तिची बोटं वळत नव्हती हेही खरं. ट्रंक माळ्यावर गेली. मी झाशीला एकटा गेलो आणि पहिल्या दिवशी नळ उघडून नुसता आवाज ऐकत बसलो.

त्यानंतर तिचं माहेर म्हणजे शुक्रवार. जत तेव्हा लांब होतं. सांगलीला एसटी बदलायची, पुढं धूळ खात दिवस मावळायला पोचायचं. बुधवारचं औषध देऊन गुरुवारी निघायचं आणि शनिवारी परत घरात. मध्ये राहिला तो शुक्रवार. तिची आई म्हणायची, “लेक आली म्हणून डाळ भिजत घालावी, तर वाटंस्तवर ही निगाली.” परत येताना ती तरवडाची डहाळी पदरात बांधून आणायची. पिवळी फुलं सांगलीच्या स्टँडापर्यंत तरतरीत असायची, घरात येईतो माना टाकायची.

असं नाही की हसणं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडं हळद शिजायची. मळ्यामळ्यात काईली लागलेल्या, खाली पाचट जळतंय, वर पिवळी वाफ. उग्र, मातकट, घशात बसणारा वास. कापडं पिवळी, बैलांच्या पाठी पिवळ्या. एका बुधवारी असाच एक गडी दारात पाणी मागायला आला, नखशिखांत पिवळा. घरचीला बोलायची बंदी. तिनं खुणेनं त्याला भिंतीकडं बसवलं. बसला बिचारा. तिनं वाटी पुढं केली. त्याला वाटलं, मोठ्या मनाची माणसं, पाणी मागितलं तर ताक देत्यात. एका दमात प्याला, आणि मग त्याचं तोंड जे झालं!

आईनं आतनं विचारलं, “किती दिस झालं रं पिवळा पडून?”

“आवं, सकाळधरनं! हळदीवर हाय मी, काईलीवर!”

सोप्यात अजून तिघं बसले होते, म्हणून घरचीला हसता येईना. तोंडात पदर कोंबून ती खांबाला धरून गदागदा हलत होती. पिवळी माणसंही हसायला लागली. गडी उठला, जाता जाता म्हणाला, “बरं, येतो.” आई ओरडली, “येतो म्हनू नगंस, मुडद्या!”

पुढं तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. एकुलता भाऊ, हिनंच कडेवर खेळवलेला. नेमका रविवार धरलेला. मी सुट्टीवर होतो. आईला म्हटलं, “ह्यो एक रविवार तू दे.”

“दिल्यालं माझ्या हातात परत येत न्हाई.”

“मग ह्यो रविवार कुणीच देऊ नगा. मानसं काय एका रविवारानं मरत न्हाईत.”

आई भिंतीकडं तोंड करून बसली. आम्ही शनिवारी सकाळी निघालो. घरचीनं इरकली लुगडं नेसलं होतं, हिरवं, नव्या सुताचा वास अजून न गेलेलं. फाट्यावर चिंचेखाली आम्ही उभे. ती बोलत होती, सारखी बोलत होती, करवलीला काय मान असतो, तिकडं मांडव कसा घालतात. एवढ्यात पलीकडनं आलेली गाडी थांबली आणि एक माणूस उतरला. खांद्यावर लहान पोरगी, काखेत वळकटी. उद्याच्या औषधाला आदल्या दिवशी येऊन ठेपला होता. मलाच विचारलं, “दादा, कावीळवाल्या बाईचं घर कुटं आलं?”

मी म्हटलं, “हितं तसलं कोण न्हाई. म्होरल्या गावात इचार.”

आजही मी तेच म्हणालो असतो. मला माझी बायको तिच्या भावाच्या मांडवात न्यायची होती.

त्या पोरीनं बापाच्या खांद्यावरनं मान उचलून आमच्याकडं बघितलं. डोळे असे पिवळे की त्यात दुसरा रंग नाही. आमची गाडी आली. मी पायरीवर पाय ठेवला, पिशवी आत ढकलली, मागं वळलो तर घरची खालीच.

“तुमी जावा लग्नाला. एकानं तरी जायला पायजे.” मग त्या माणसाला म्हणाली, “चला दादा. जवळच हाय घर.”

तो माझ्याकडं बघायला लागला. “हे तर म्हनत्यात...”

“ते मिल्ट्रीत असत्यात. त्यांस्नी गावातलं कळत न्हाई.”

कंडक्टरनं घंटी मारली. मागच्या काचेतनं मला ते हिरवं लुगडं गावाकडं जाताना दिसलं, धूळ मध्ये येईपर्यंत.

मी लग्नाला गेलो. अक्षता टाकल्या. बाशिंग बांधलेला तिचा भाऊ सारखा वाटेकडं बघत होता, आणि जो भेटेल तो विचारत होता, “अक्का कुटं?” मी परत आलो तेव्हा ती परड्यात बसली होती. त्या पोरीचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली, “जेवायला काय हुतं?”

मी लंगरवाला, मला जेवण नीट सांगता येतं. पत्रावळ कुठून वाढायला घेतली, आमटीत काय पडलं होतं, भाताची वाफ कशी होती. ती डोळे मिटून ऐकत होती.

“हुग्गी केलती?” तिकडं गव्हाच्या खिरीला हुग्गी म्हणतात.

“केलती.”

“गूळ बरुबर पडलाता?”

“जरा कमी हुता.”

“कमीच पडतोय आमच्याकडं,” म्हणाली आणि उठून पाटा धुवायला लागली.

मग आई गेली. क्वार्टरं मिळत गेली, मी परत करत गेलो. पेन्शनीत आलो तेव्हा वाटलं, आता तरी कुठं जाऊ. पण मीच तिच्या वारांना बांधला गेलो. तिनं खुडायचं, मी ताक करायचं. तोंडानं न बोलता आम्ही म्हातारे झालो. मला ते दिवस हवे आहेत. ज्या दिवसांना मी इतक्या शिव्या घातल्या, तेच मागतो आहे. कुणाकडं मागणार?

ती अंथरुणाला खिळली तेव्हा ग्रहण जवळ आलं होतं. मी म्हटलं, “वैशालीच्या कानात घालून टाक. नदी न्हाई तर घंगाळात पाय ठिवून बसू दे तिला.”

“न्हाई.”

“का?”

“ती कारखान्याला जाती. मैतरणीसंग हिकडं-तिकडं जाती. तिच्या गळ्यात कशाला रविवार-बुधवार? माझ्याबर जाऊ दे.”

ग्रहण लागलं आणि सुटलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. सुटल्यावर मला म्हणाली, “खिडकी उघडा.” मी उघडली.

माणसं अजून येतात. लांबनं येतात, त्यांना कळलेलं नसतं. मी सांगतो, ती वारली, सांगलीला सरकारी दवाखान्यात जावा, उशीर करू नका. ते जागचे हलत नाहीत. “सुनंला दिलं असंल की?” म्हणतात. मी नाही म्हटलं की सगळे वैशालीकडं बघतात. गावात कुजबुज आहे की सुनेचा हात सासूला पटला नाही. पाला कुठला ते मला माहीत आहे. इतकी वर्षं ती त्याच कडेला वाकायची, मी काही आंधळा नाही. पण कानात सांगून दिल्याशिवाय घेतलेला पाला म्हणजे वैरण. तसला पाला मला देता येत नाही, आणि समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणायचं काम मात्र माझ्याकडं आलं.

ह्या रविवारी एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. मी दवाखान्याचं सांगितलं. जाताना ती वैशालीला म्हणाली, “सासूला एवढी बी पटली न्हाईस व्हय गं?” वैशालीनं हातातली बशी खाली ठेवली. म्हातारी गेल्यावर ती परड्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मामा, खरं सांगा. आत्तींस्नी माझ्यात काय खोट दिसली?”

वरीसभर मी गप होतो. त्या दिवशी सगळं सांगितलं. नदी, ट्रंक, शुक्रवार, फाटा. म्हटलं, “खोट न्हवं पोरी. तिला तुला मोकळं ठेवायचं हुतं.” मला वाटलं, पोर रडेल आणि तिच्या मनावरचं उतरेल. ती रडली नाही. निर्गुडीची डहाळी ओढून तिची पानं एकेक तोडत राहिली.

“आत्तींस्नी त्यांच्या सासूनं इचारलं न्हाई. मला आत्तींनी इचारलं न्हाई. तुमच्या घरात इचारायची रीतच न्हाई का वं, मामा?”

मी म्हटलं, “मग मी इचारतो. पायजे हुतं का तुला?”

“व्हय. पायजे हुतं.”

“बुधवारी खाडा पडला आसता.”

“पडला आसता तर पडला आसता. आठवडाभर मी कॉलरी शिवती, मामा. नुसत्या कॉलरी. कुनाच्या गळ्यात जात्यात, ठावं न्हाई. आत्तींचं घर इचारत मानसं येत हुती. माझं घर कोन इचारतंय?”

डहाळी टाकून ती आत गेली. दार ओढून घेतलं नाही, नुसती आत गेली. मी तिच्या मागं जाणार होतो, पण जाऊन सांगणार काय? देणारी गेली आणि जे द्यायचं ते तिच्याबरोबर गेलं. घरचीला वाटलं, ती दावं सोडते आहे. पोरीला वाटलं, तिला गोठ्याबाहेर हाकललं. दोघींचं मला पटतं, आणि दोघींच्या कामाचा मी नाही.

कुंपणापलीकडं ओढ्याची वाट दिसते. त्या वाटेनं दोघं येत होते. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, थोडं चालायचे की थांबायचे. घराकडं बोट करून काहीतरी बोलत होते. आत पोर बसली होती. बाहेर हे येत होते. मी मध्ये उभा राहिलो, परड्याच्या पार कडेला, त्या पाल्यापाशी, आणि त्यांनी मला बघून लांबनंच हात जोडले.